भाऊबीज (यमद्वितीया) : बहिणीच्या दारी जाण्याचे व्रत



फराळाचे डबे निम्मे रिकामे होतात, दारातल्या पणत्यांच्या वाती काजळतात आणि भाऊबीज येते. दिव्यांच्या या उत्सवाची सांगता आपल्या पूर्वजांनी बहिणीने वाढलेल्या ताटाने केली आहे. त्या ताटासमोर पाटावर बसलेल्या भावाला ओवाळताना बहीण त्याच्यासाठी आयुष्य मागते आणि ते मागते साक्षात यमधर्माकडे.

आज पुष्कळ घरांत ही भाऊबीज घाईची झाली आहे. पाट मांडला जातो, ताटात पाकीट पडते, फोटो निघतो आणि ‘उशीर होतोय गं’ म्हणत भाऊ उठतो. काही घरांत ती मोबाईलवरून पैसे पाठवण्यापुरती उरली आहे. काही घरांत मात्र ती बंदच पडली आहे. जमिनीच्या वाटणीत, लग्नातल्या एखाद्या मानपानात किंवा आईच्या आजारपणातल्या एखाद्या शब्दात नाते अडकले आणि पुढे कुणीच कुणाकडे गेले नाही. हा सण मुळात काय सांगतो, तो साधनेच्या दृष्टीने कसा साजरा करावा आणि अडकलेले पाऊल कसे उचलावे, हे आपण या लेखात पाहू.

१. तिथी आणि नावे

भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला येते. ‘बीज’ म्हणजे द्वितीया. अमावास्येनंतर चंद्राची पहिली नाजूक कोर याच सुमारास पश्चिमेला दिसते. ती आज लहान असली तरी रोज वाढणारी आहे. भावाबहिणीचे प्रेमही असेच वाढत जावे, हा या तिथीचा सहज समजणारा संकेत आहे.

शास्त्रग्रंथांत या दिवसाला ‘यमद्वितीया’ किंवा ‘भ्रातृद्वितीया’ म्हणतात. कमलाकर भट्टांच्या ‘निर्णयसिंधु’ (इ.स. १६१२) आणि पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्ये यांच्या ‘धर्मसिंधु’ (इ.स. १७९०) या ग्रंथांत या व्रताचा विचार आला आहे. त्यातला मुख्य भाग असा, की या दिवशी पुरुषाने आपल्या घरी न जेवता बहिणीच्या घरी, तिच्या हातचे जेवावे आणि वस्त्र-अलंकार देऊन तिचा सन्मान करावा. भोजन आणि बहिणीचा सन्मान हे या व्रताचे दोन खांब आहेत.

२. यम आणि यमुना यांची कथा

यम आणि यमी ही सूर्य आणि संज्ञा यांची जुळी मुले. ही यमी म्हणजेच यमुना. तिचे आपल्या भावावर फार प्रेम होते. ‘माझ्या घरी जेवायला ये’, असे ती त्याला पुनःपुन्हा सांगे. पण यमाला सवड नसे. जगातल्या प्रत्येक जिवाचा शेवट ज्याच्या हाती, त्याच्या कामाला सुट्टी कुठली ?

अखेर कार्तिक शुद्ध द्वितीयेला यम तिच्या दारी आला. कथेत असेही सांगितले आहे, की निघण्यापूर्वी त्याने नरकातील जिवांना मुक्त केले. भावाला दारात पाहून यमुनेला अत्यानंद झाला. तिने त्याला स्नान घातले, ओवाळले आणि प्रेमाने जेवू घातले. तृप्त झालेल्या यमाने तिला वस्त्रे, अलंकार दिले आणि ‘वर माग’ म्हटले.

यमुनेने स्वतःसाठी एवढेच मागितले, ‘दरवर्षी या दिवशी माझ्या घरी जेवायला येत जा.’ आणि सर्वांसाठी मागितले, ‘जो भाऊ या दिवशी बहिणीच्या हातचे जेवेल, तिचा मान राखेल, त्याला तुझे भय नसावे.’ यमाने ‘तथास्तु’ म्हटले.

३. कथेतून शिकण्यासारखे

अ. निमंत्रणावरून गेलेला यम : यम प्रत्येकाच्या घरी जातो, पण कुणी बोलावले म्हणून जात नाही आणि कुणी नको म्हटले म्हणून थांबतही नाही. त्याला प्रेमाने, वाट पाहून, पुनःपुन्हा बोलावणारी यमुनाच. ज्याचे नाव काढताच माणसे दार लावून घेतात, त्याच्यासाठी तिने दार उघडे ठेवले. ज्याला सगळे टाळतात, त्यालाही कुणाची तरी माया हवी असते. आपल्या घरातल्या तापट, अबोल किंवा सगळ्यांनी बाजूला टाकलेल्या भावाकडे किंवा बहिणीकडे या नजरेने पाहावे.

आ. काळाकडे मागितलेला वेळ : यमुनेने दागिने मागितले नाहीत, राज्य मागितले नाही. काळाचा स्वामी असलेल्या भावाकडे तिने वर्षातला एक दिवस मागितला. आजच्या बहिणीचीही खरी मागणी बहुधा हीच असते. पाकिटात किती आहे, हे ती पाकीट उघडल्यावर पाहील किंवा पाहणारही नाही. पण भाऊ किती वेळ बसला, हे तिच्या वर्षभर लक्षात राहते.

इ. देणाऱ्याने घ्यायलाही शिकणे : यम हा दंड देणारा आणि न्याय करणारा. पण बहिणीच्या घरी तो पाटावर बसतो आणि ती वाढील ते घेतो. भाऊ कितीही मोठ्या हुद्द्यावर असला, तरी या दिवशी तो घेणारा असतो. ‘मी देतो’ हा अहं विसरून प्रेमाने वाढलेले नम्रपणे घेता येणे, हीही साधनाच आहे.

ई. उपाशी राहिलेला अतिथी : कठोपनिषदातही हाच यम भेटतो. नचिकेता त्याच्या घरी तीन रात्री उपाशी राहिला, तेव्हा परत आल्यावर यमाने त्या बालअतिथीला वंदन करून प्रत्येक रात्रीसाठी एक वर दिला. दारी आलेला उपाशी राहणे केवढा दोष आहे, हे मृत्यूच्या देवतेलाही मोठे वाटले. म्हणूनच भाऊबिजेचे जेवण हा उपचार समजू नये. जेऊ घालणे आणि जेवणे, दोन्ही या व्रताचा गाभा आहेत.

४. दिवाळीत यमाचे स्मरण का ?

दिवाळीत यमाचे स्मरण तीनदा येते. धनत्रयोदशीला यमदीपदान म्हणून दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावतात. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर यमतर्पण करतात. आणि शेवटी येते यमद्वितीया. आनंदाच्या या दिवसांत मृत्यूचे नाव अशुभ वाटू शकते, पण क्रम पाहिला की अर्थ उलगडतो. पहिल्या दिवशी आपण यमासाठी घराबाहेर दिवा ठेवतो, दुसऱ्यांदा त्याला ओंजळीने पाणी देतो आणि तिसऱ्यांदा तो बहिणीच्या घरी जेवणारा भाऊ म्हणून भेटतो. भय हळूहळू नात्यात विरघळते.

आपल्या जवळचे माणूस कायम असणार नाही, हे या दिवशी आपण हसत्या चेहऱ्याने स्वतःला सांगतो. ‘माझा भाऊ दीर्घायुषी होवो’ या प्रार्थनेतच ‘तो एक दिवस नसेल’ ही जाणीव आहे. ही जाणीव ठेवून ओवाळणारी बहीण जुन्या गोष्टी उगाळत नाही आणि ही जाणीव असलेला भाऊ घड्याळाकडे पाहत नाही.

५. भारतभर एकच भाव

आपल्यापैकी कुणी पुण्या-नाशिकला किंवा गोव्यात असेल, कुणी इंदूर, बडोदे, हैदराबाद, कोलकात्यात. शेजारच्या घरी हा सण कसा होतो, हे पाहिले तर आपल्याच सणाचे आणखी काही पैलू कळतात.

अ. उत्तराखंड : यमुनोत्री मंदिराची कवाडे हिवाळ्यासाठी याच दिवशी बंद होतात आणि यमुनामातेची डोली खरसाली गावी येते. तिला आणायला खरसालीहून शनिदेवांची डोली वर जाते. शनिदेव हेही सूर्यपुत्र, म्हणजे यमुनेचे भाऊच. थंडी सुरू होण्याआधी भाऊ डोंगर चढून बहिणीला न्यायला जातो, असा हा सोहळा आहे.

आ. मथुरा : विश्राम घाटावर या दिवशी भाऊबहिणी एकमेकांचा हात धरून यमुनेत स्नान करतात. घाटाजवळच यमुना आणि धर्मराज यांचे एकत्र मंदिर आहे.

इ. बंगाल : येथे ‘भाई फोंटा’ असतो. बहीण उपवास करते आणि डाव्या हाताच्या करंगळीने भावाच्या कपाळी चंदनाचा टिळा लावून त्याच्या आयुष्यासाठी पारंपरिक बोल म्हणते.

ई. मिथिला : येथे बहीण अंगणात तांदळाच्या पिठाचे ‘अरिपन’ रेखते. भावाच्या ओंजळीला तांदळाचे वाटण आणि शेंदूर लावून, हातात विड्याचे पान आणि सुपारी ठेवून वरून पाणी सोडते. याला ‘न्योत’ म्हणजे निमंत्रण म्हणतात.

उ. भोजपुरी प्रदेश : येथील ‘गोधन’ विधी नव्याने पाहणाऱ्याला चकित करतो. सकाळी बहिणी आधी भावाला शिव्याशाप देतात आणि मग रेंगणीचा काटा आपल्या जिभेला टोचून घेऊन त्याचे प्रायश्चित्त करतात. ज्याला बहिणीने कधीच शाप दिलेला नाही, अशा भावाचे प्राण न्यायला यमदूत निघाले, तेव्हा त्याला वाचवण्यासाठी बहिणीने शाप दिले, अशी कथा तेथे सांगतात. यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. बहिणीच्या कडू बोलण्यामागे पुष्कळदा काळजीच असते. आणि तरीही कडू बोललेल्या जिभेचे प्रायश्चित्त जिभेनेच करायचे असते.

ऊ. सिक्कीम आणि दार्जिलिंगचे गोरखा बांधव : ‘भाई टीका’ला सप्तरंगी टिळा लावतात, मखमली फुलांची माळ घालतात आणि भावाभोवती तेलाची धार धरून रक्षेचे वर्तुळ करतात.

ए. आंध्र आणि तेलंगण : या दिवसाचे नावच ‘भगिनी हस्त भोजनम्’ आहे. बहिणीच्या हातचे जेवण हे व्रताचे सार तेलुगू भाषेने नावातच ठेवले आहे.

ऐ. मणिपूर : येथे ‘निंगोल चाकौबा’ हा सण मैतेई पंचांगातील हियांगै महिन्याच्या द्वितीयेला होतो. यात दिशा उलटी आहे. लग्न झालेल्या लेकीबाळींना माहेरी जेवायला बोलावतात, वाढतात आणि भेट देऊन सन्मानाने पाठवणी करतात.

विधी निरनिराळे असले तरी सगळीकडे कुणीतरी कुणाच्या तरी दारी जाते आणि कुणीतरी कुणालातरी जेवू घालते.

६. भाऊबीज साजरी करण्याची पद्धत

अ. बहिणीने सकाळी स्नान, देवपूजा करून स्वयंपाकाला लागावे. स्वयंपाक करताना नामजप करावा. चार पदार्थ कमी झाले तरी चालतील, पण चिडचिड करत केलेले पंचपक्वान्न नको. भावाला लहानपणी आवडणारा एखादा साधा पदार्थ आठवणीने करावा.

आ. भावाने घरून निघताना देवाला नमस्कार करून ‘बहिणीच्या घरी माझे वागणे-बोलणे तिला आनंद देणारे असू दे’, अशी प्रार्थना करावी. शक्य असल्यास आपल्या मुलांना सोबत न्यावे. आत्याचे घर मुलांना पायाखालचे असले, तर पुढच्या पिढीत नाते टिकते.

इ. पाट मांडून त्याभोवती रांगोळी काढावी. भावाने टोपी किंवा रुमाल डोक्यावर घेऊन पूर्वेकडे तोंड करून बसावे.

ई. तबकात निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी आणि गोड पदार्थ ठेवावा. आधी कुंकवाचा टिळा आणि अक्षता लावाव्यात. मग अंगठी आणि सुपारीने ओवाळून नंतर निरांजनाने ओवाळावे. काही घरांत ‘केस कापसासारखे पांढरे होईपर्यंत जग’ या भावनेने डोक्यावर कापूस ठेवतात.

उ. ओवाळताना बहिणीने मनात म्हणावे, ‘हे भगवंता, या ज्योतीसारखे याचे जीवन प्रकाशमान असू दे. याच्यातील तुझ्या अंशाला मी ओवाळत आहे.’ भावाने मनात म्हणावे, ‘हिच्या रूपाने तूच मला आशीर्वाद देत आहेस.’

ऊ. भावाने आपल्या ऐपतीप्रमाणे ओवाळणी घालावी. बहीण मोठी असेल, तर तिला वाकून नमस्कार करावा. बहिणीनेही मोठ्या भावाला नमस्कार करावा.

ए. त्यानंतर सर्वांनी एकत्र जेवावे. जेवताना दूरचित्रवाणी बंद आणि मोबाईल दूर ठेवावा. बहिणीला शेवटी एकटीने जेवायला लावू नये. भावाने किंवा मेहुण्याने तिला एक वाढी वाढावी. यमुनेच्या कथेत भाऊ जेवतो. आपल्या घरात बहीणही ऊन अन्न जेवली, तर यमुनेला आनंदच होईल.

७. ओवाळणी आणि मनातला हिशोब

या दिवशी अनेक ठिकाणी चित्रगुप्ताचीही पूजा होते. उत्तर भारतातील कायस्थ समाजात लेखणी आणि दऊत यांचे पूजन करतात. प्रत्येकाच्या कर्माचा हिशोब लिहिणारा तो चित्रगुप्त. कर्माचा हिशोब त्याच्याकडे आहे, ही श्रद्धा असेल, तर आपणही मनात दुसरी वही का ठेवावी ?

‘मी तिला पैठणी दिली, तिने माझ्या मुलाला काय दिले ?’, ‘मोठ्या बहिणीला जास्त, मला कमी’, ‘तो कधीच आधी फोन करत नाही’, अशा नोंदींची वही आपल्यापैकी बहुतेकांकडे असते. ओवाळणी म्हणजे मोबदला नव्हे. सन्मान म्हणून दिलेले फूलही ओवाळणी आहे आणि अपेक्षा ठेवून दिलेला दागिनाही केवळ व्यवहार आहे. म्हणून पाटावर बसण्यापूर्वी ही वही मिटावी.

मात्र येथे एक सावधानता हवी. हिशोब मिटणे म्हणजे दुसऱ्याच्या हक्कावर पाणी सोडायला लावणे नव्हे. वडील गेल्यानंतर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत आपल्याकडे सर्रास दिसते. कायद्याने मुलीला वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. महाराष्ट्रात ही दुरुस्ती १९९४ मध्ये झाली आणि २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने ती देशभर लागू झाली. वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत, मुलीचा हा हक्क असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

बहिणीने मनापासून, समजून-उमजून काही सोडले, तर ते तिचे औदार्य आहे. पण ‘सही केली नाही, तर माहेर तुटेल’ या भीतीने ती सही करत असेल, तर भावाने थांबून विचार करावा. यमाला आपण धर्मराज म्हणतो. ज्या व्रताची देवता धर्मराज आहे, त्या दिवशी अधर्माने मिळवलेल्या शेतातले धान्य खाऊन पाचशेची नोट ताटात टाकणे, हे व्रत होईल का ? आणि बहिणींनीही विचार करावा. हक्क मागताना बोलणे तोडायलाच हवे असे नाही. न्याय मागता येतो आणि निरांजनही लावता येते. कागदाचा प्रश्न कागदाच्या जागी सुटू द्यावा, दार मात्र उघडे ठेवावे.

८. शंकानिरसन

अ. सख्खी बहीण नसेल तर काय करावे ?
चुलत, मामे, आते किंवा मावस बहिणीकडे जावे. तीही नसेल, तर मानलेल्या बहिणीकडे किंवा मित्राच्या बहिणीकडे जावे. एखादी एकटी राहणारी शेजारीण, वृद्धाश्रमातील एखादी आजी यांनाही ‘आज मला ओवाळाल का ?’ असे विचारून पाहावे. विचारणाऱ्यापेक्षा ओवाळणारीचाच आनंद मोठा असतो.

आ. भाऊ नसेल तर ?
महाराष्ट्रात अशा स्त्रिया बिजेच्या चंद्राला भाऊ मानून ओवाळतात. मुलांचा ‘चांदोमामा’ म्हणजे आईचा भाऊच. भगवान श्रीकृष्णाला भाऊ मानून ओवाळणाऱ्याही अनेक भगिनी आहेत. आपल्याला कुणी नाही, या विचारापेक्षा आकाशात रोज वाढणारा भाऊ आहे, हा भाव बळ देणारा आहे.

इ. बहीण विधवा असेल, तर तिने ओवाळावे का ?
अवश्य ओवाळावे. यमुनेने मागितलेल्या वरात अशी कोणतीही अट नाही. बहीण ही बहीणच असते. उलट जिच्या वाट्याला दुःख आले आहे, तिच्याकडे भावाने सर्वांत आधी जावे. तिला ‘तू राहू दे’ असे म्हणणाऱ्या घरात दिव्याचा उजेड कसा पडेल ?

ई. भाऊ सीमेवर, परगावी किंवा परदेशी असेल तर ?
त्याच्या नावाने पाट मांडून ओवाळावे आणि ठरलेल्या वेळी निवांत बोलावे. भावाने पैसे पाठवले, तरी सोबत चार ओळी स्वतःच्या हाताने लिहून पाठवाव्यात. वर्षात जेव्हा गावी येणे होईल, तेव्हा पहिले जेवण बहिणीकडे घ्यावे.

उ. भाऊ या वर्षी देवाघरी गेला असेल तर ?
अशा भगिनीसाठी वेदवाङ्मयातच एक कथा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यम हा परलोकाची वाट सर्वांआधी शोधणारा म्हणून येतो. तो गेल्यावर यमीच्या शोकाचे काय झाले, ते मैत्रायणी संहिता सांगते. देव तिचे सांत्वन करू लागले; पण केव्हाही विचारले, तरी यमीचे उत्तर एकच असे, की तो आजच गेला. तेव्हा रात्र नव्हती. सगळा एकच अखंड दिवस होता. म्हणून तिच्यासाठी ‘आज’ संपतच नव्हता. मग देवांनी रात्र निर्माण केली. रात्र झाली, तेव्हा ‘उद्या’ आला आणि यमीचे दुःख हळूहळू मागे सरू लागले.

ज्या यमीने भावासाठी असा शोक केला, तिच्याच नावाचा हा सण आहे. म्हणून भाऊ गेलेल्या बहिणीने ‘आता माझी भाऊबीज संपली’ असे म्हणू नये. तिने संध्याकाळी भावाच्या नावाने एक दिवा लावावा आणि त्याच्या आवडीचा पदार्थ एखाद्या भुकेल्या मुलाला खाऊ घालावा. रडू आले, तर रडावे. देवांनीही यमीला लगेच शांत हो म्हटले नाही, तिच्यासाठी रात्र आणली. वेळ लागतो आणि तो वेळही भगवंतानेच दिलेला आहे.

९. बोलणे बंद असलेल्या भावाबहिणींसाठी

हा लेख वाचताना आपल्याला एखादे दार आठवले असेल, तर पुढील गोष्टी कराव्यात.

अ. भाऊबिजेच्या आधीचे काही दिवस रोज नामजपानंतर त्या भावाचे किंवा बहिणीचे नाव घेऊन ‘याचे कल्याण होवो’, अशी प्रार्थना करावी. सुरुवातीला ती कोरडी वाटेल, तरी करावी.

आ. त्याचे किंवा तिचे आपल्यावरचे तीन उपकार कागदावर लिहावेत. शाळेत सोडायला येणे, आजारपणात जागणे, स्वतःचा खाऊ अर्धा देणे, असे काहीही चालेल. दोष आपल्याला पाठ असतात, उपकार मात्र आठवून लिहावे लागतात.

इ. आपली झालेली एक चूक निवडून तेवढ्यापुरती क्षमा मागावी. ‘पण तूही’ हे दोन शब्द टाळावेत. गोधनाच्या काट्याचे आपल्यासाठी हेच रूप आहे.

ई. निमंत्रण द्यावे किंवा ‘येऊ का ?’ असे विचारावे. यमुनेनेही एकदाच बोलावले नव्हते. पहिल्या वर्षी नकार आला, तर पुढच्या वर्षी पुन्हा बोलवावे.

उ. गेल्यावर जुना विषय काढू नये. पहिल्या भेटीत सगळे मिटत नसते. पाणी घ्यावे, बसावे, वाढलेले जेवावे. पहिल्या वर्षी एवढे पुरे.

जेथे छळ, मारहाण किंवा व्यसनामुळे धोका आहे, तेथे मात्र स्वतःची सुरक्षितता जपून दुरूनच प्रार्थना करावी. क्षमा मनात करता येते. त्यासाठी त्रास सहन करत राहणे आवश्यक नाही.

१०. प्रार्थना

भाऊबिजेच्या दिवशी ओवाळण्यापूर्वी भावाबहिणींनी मिळून हात जोडून म्हणावे :

‘हे धर्मराजा, हे यमुनामाते, आम्हाला एकमेकांच्या रूपाने जो आधार मिळाला, त्याबद्दल कृतज्ञ आहोत. आमच्या मनातला हिशोब मिटू दे. आमच्या हातून एकमेकांवर अन्याय होऊ देऊ नकोस. आमच्या मुलांना एकमेकांची घरे परकी वाटू देऊ नकोस. आणि जोवर आयुष्य आहे, तोवर दरवर्षी एकमेकांच्या दारी जाण्याची बुद्धी दे.’

साधक बंधूंनो, या वर्षी ओवाळणी काय घालायची, हे नंतर ठरवा. आधी बहिणीला फोन करून विचारा, ‘ताई, मी जेवायला कधी येऊ ?’ आणि भगिनींनो, तो विचारायच्या आधीच आपण म्हणा, ‘ये रे, वाट बघते.’ हा सण यमुनेच्या अशाच एका बोलावण्यातून सुरू झाला आहे.